घटस्फोटाचा फॉर्म ई : सॉलिसिटर हवाच का?

हिशेबनीस
इंग्लंड-वेल्समध्ये घटस्फोटातली पैशांची वाटणी कोर्टात गेली की दोघांनाही फॉर्म ई, म्हणजे आपल्या सगळ्या मिळकतीचा नि मालमत्तेचा तपशील, भरावा लागतो. तासावर पैसे मोजून तो सॉलिसिटरकडून भरून घेणं मला उधळपट्टी वाटते. कागद शेवटी तुम्हालाच गोळा करायचे असतात. सुरुवात पेन्शनपासून करा. सीईटीव्हीचा, म्हणजे पेन्शनच्या आजच्या किमतीचा आकडा यायला तीन महिनेही लागतात. मग प्रत्येक खात्याची १२ महिन्यांची स्टेटमेंट्स, शेवटच्या तीन पगारपावत्या, पी६० (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला). रकाना २.३ मध्ये वर्षभरात बंद केलेलं खातंसुद्धा येतं. भारतातली एफडी, आईबरोबरचं जॉइंट खातं, सगळं लिहा. ‘पैसे आईचेच आहेत’ हा खुलासा शेजारी द्यायचा, खातं गाळायचं नाही.

उलटतपासणी
साफ असहमत. कागद गोळा करणं ही हमाली झाली. ते एकमेकांशी जुळतात का, हे कोण बघणार? स्टेटमेंटमध्ये भावाला ४,००० पौंड उसने गेलेले, आणि २.६ मध्ये, म्हणजे इतरांकडून येणं असलेल्या पैशांच्या रकान्यात, शून्य! पहिल्या तारखेच्या ३५ दिवस आधी फॉर्मची अदलाबदल होते, १४ दिवस आधी समोरून प्रश्नावली येते. त्यात हेच पहिलं निघतं, आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. पेन्शनचे दोन लाख आणि घरातले दोन लाख एकाच तागडीत घालणारे तर पैशाला पासरी. पेन्शनवर कर लागतो, शिवाय ५५ वर्षांआधी सहसा हात लावता येत नाही.

हिशेबनीस
भावाच्या ४,००० साठी वकील कशाला? स्टेटमेंट्स छापा, ५०० पौंडांवरच्या प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने कारण लिहा. जिथे कारण आठवत नाही, तिथेच प्रश्न येणार. पेन्शनचं मान्य, पण त्याला ॲक्च्युअरी (पेन्शनचं गणित मांडणारा तज्ज्ञ) लागतो, वकील नाही.

कलमबहाद्दर
दोघंही फॉर्मवरच अडलात. आपसात ठरलं असेल तर कोर्टाला डी८१ हा दोघांच्या पैशांचा थोडक्यात गोषवारा पुरतो, तो घरी भरता येतो. खरी मेख संमती आदेशाच्या, म्हणजे आपसात ठरलेल्या वाटणीवर कोर्ट जो शिक्का मारतं त्याच्या, मसुद्यात आहे. ‘क्लीन ब्रेक’चं, म्हणजे यापुढे एकमेकांकडे पैसे मागायचे नाहीत हे कलम घालायचं राहून गेलं तर दावा जिवंत राहतो. व्हिन्स प्रकरणात घटस्फोट १९९२ चा, बायकोचा दावा २०११ चा, आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो चालू दिला. तेवढ्या मसुद्यापुरते पैसे मोजा. पेन्शनची वाटणी असेल तर वाटणीचा आदेश होईपर्यंत फायनल ऑर्डरची, म्हणजे घटस्फोट पक्का करणाऱ्या हुकमाची, घाई नको. मधेच जोडीदार गेला तर मागे राहणाऱ्याला विधवा किंवा विधुर म्हणून मिळणारं पेन्शनही गेलं आणि वाटाही.

उलटतपासणी
म्हणजे मसुद्याला पैसे मोजायचे, आणि तो ज्या आकड्यांवर उभा, ते तपासायला नाही? त्याच २०१५ मध्ये शारलँड निकालात नवऱ्याने लपवाछपवी केली म्हणून ठरलेली वाटणी पुन्हा उघडली.