घरच्या घरी जर्मन: पुढच्या उन्हाळ्यात स्टुटगार्टला जातोय, मुलांची तयारी कशी करावी?

चिंचवडची_मृण्मयी:
नमस्कार मंडळी. नवरा गाड्यांच्या कंपनीत आहे, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांना मिळणारा युरोपातला कामाचा परवाना) तिकडची नोकरी मिळाली आहे आणि आम्ही चौघं पुढच्या उन्हाळ्यात स्टुटगार्टला मुक्काम हलवतोय. मुलगी दुसरीत आहे, सेमी-इंग्रजीत. धाकटा चार वर्षांचा. सगळ्यांना क्लास लावणं खिशाला झेपणारं नाही आणि धाकटा कुठे पाच मिनिटं बसत नाही, त्यामुळे जे काही करायचं ते घरीच. एक ॲप घेतलंय, त्यात आठवडाभर सफरचंद आणि अस्वल ह्यांच्यापुढे गाडी सरकलेली नाही. त्यात ओळखीतल्या एक ताई म्हणाल्या, आजपासून घरात मराठी बंद, मुलांशी फक्त जर्मन बोला. अहो, आम्हाला येतं कुठे बोलायला? सासूबाई तर ऐकूनच हबकल्यात. काय काय वापरता येईल, कृपया सुचवा.

पेठेतला_मास्तर:
पुण्यात जर्मन शिकवतो, म्हणून फक्त तुम्हा मोठ्यांपुरतं सांगतो. नवऱ्याकडे ब्लू कार्ड असेल तर पत्नीच्या व्हिसाला ए१ (जर्मनची सगळ्यात पहिली पातळी) परीक्षेची अट नसते, तरी अर्ज भरताना वकिलातीच्या संकेतस्थळावर खात्री करा. अट नाही म्हणून कोरं मात्र जाऊ नका. डॉइचे वेले ह्या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेग’ ही मालिका ए१ ते बी१ (मध्यम पातळी) पर्यंत आहे, पूर्ण फुकट, प्रत्येक छोट्या भागामागे सराव दिलेला. फोल्क्सहोखशूले म्हणजे तिकडची प्रौढांची शाळा, त्यांचं ऑनलाइन पोर्टलही फुकट आहे. आणि नाम लिहाल तिथे डेअर, डी, डास (तो, ती, ते) सोबत लिहा. तो-ती-ते आपल्याला नवं नाही, पण मराठीवरून अंदाज बांधू नका. चंद्र-सूर्य आपल्याकडे दोघेही ‘तो’, तिकडे चंद्र ‘तो’ आणि सूर्य ‘ती’.

लुडविग्सबुर्गची_सांगलीकर:
मी स्टुटगार्टच्या शेजारीच राहते, दोन मुलं इथेच शाळेत जातात. मृण्मयी, त्या ताईंचं अजिबात ऐकू नकोस. धाकट्याला बालवाडीत घातलं तेव्हा बाईंनी पहिल्याच भेटीत मला बजावलं होतं: घरात तुमची भाषा नीट बोला, जर्मन आमच्यावर सोडा. आपण चुकतमाकत बोललेलं जर्मन मुलांच्या कानात कशाला घालायचं? आजीशी मराठीतच भांडू देत त्यांना.

कानावर खरं जर्मन पडू दे. ‘माउस’चा (उंदराचा) मुलांसाठीचा टीव्ही कार्यक्रम १९७१ पासून चालू आहे. त्यात सुरुवातीला आज काय दाखवणार ते जर्मनमध्ये सांगतात आणि मग तेच दुसऱ्या एखाद्या भाषेत. ती कुठली भाषा, ह्यावर आमच्याकडे रविवारी पैजा लागतात. मधे एखादी वस्तू कारखान्यात कशी बनते ते दाखवतात. यंत्र दिसत असतं आणि निवेदक तेच साध्या शब्दांत सांगत असतो, त्यामुळे अर्थ आपसूक लागतो. चार वर्षांच्याला ‘झांडमेनशेन’ लाव, झोपायच्या आधीचा छोटासा कार्यक्रम आहे. भारतातून काही भाग उघडत नाहीत, जे उघडतील ते घ्यायचे. एकच भाग आठवडाभर लावला तरी चालतो, कंटाळा येतो तो आपल्याला.

शब्दांच्या याद्या पाठ करून घेऊ नकोस. पहिल्या दिवशी पोरीला लागणार ती वाक्यं अशी: ‘इश मुस आउफ्स क्लो’ (मला शूला जायचंय), ‘डार्फ इश मिटश्पीलन?’ (मी पण खेळू?) आणि ‘होअर आउफ!’ (बास कर!). ही तिन्ही झोपेतून उठवून विचारली तरी यायला हवीत. ह्यातलं शेवटचं भावाबहिणीत लगेच रुजतं, शिकवावं लागत नाही. ‘मिटश्पीलन’साठी घरात नियम करा: पत्त्यांच्या डावात घुसायचं तर विचारूनच. सासूबाईंनाही डावात घ्या, त्याच सगळ्यात कडक निघतील.

मग काही शब्द असे, जे तुझ्या ॲपमध्ये जन्मात येणार नाहीत आणि बालवाडीच्या पहिल्याच यादीत येतील. ‘मात्शहोजं’, म्हणजे पावसाचिखलात खेळायची जलरोधक विजार. ‘हाउसशूए’, आत घालायच्या चपला. ‘ब्रोटडोजं’, डबा. पाऊस आहे म्हणून इथे कुणी पोरांना आत कोंडत नाही, तेव्हा विजार आल्याआल्या घेऊन टाक.

पुस्तकांत ‘पिक्सी’ बघ. दहा सेंटिमीटरची चौकोनी, पातळ, स्वस्त, खिशात मावणारी. कुणी तिकडून येत असेल तर मूठभर मागवून घे. इथे आल्यावर वाचनालय गाठायचं, बहुतेक शहरांत मुलांचं कार्ड फुकट असतं आणि गोष्टी ऐकायच्या ‘टोनी’ बाहुल्याही मिळतात. स्टुटगार्टचं मुख्य वाचनालय म्हणजे २०११ साली उघडलेला ठोकळा. बाहेरून तुरुंग वाटतो, आत गेलं की मुलं निघत नाहीत.

वर मी जर्मन देवनागरीत लिहिलं ते तुझ्यासाठी. मुलीला मूळ अक्षरंच दाखव, नाहीतर दोन टिंबांचा ‘यू’ तिच्या तोंडी कायमचा ‘यु’ होऊन बसेल. ओठांचा चंबू ‘ऊ’चा ठेवायचा आणि आतून ‘ई’ म्हणायचं. आरशासमोर धाकट्याला लगेच जमेल.

आणि आकडे इंग्रजीतून शिकवू नका! जर्मनमध्ये एकवीस म्हणजे ‘एक आणि वीस’, चौपन्न म्हणजे ‘चार आणि पन्नास’, अगदी आपल्यासारखं. ‘ट्वेंटी-वन’वरून गेलं की पोरं उलटसुलट लिहितात. फक्त एकोणतीस-एकोणचाळीसला आपण वाट सोडतो, तिकडे सरळ ‘नऊ आणि वीस’.

शाळेची फार धास्ती घेऊ नकोस. ह्या राज्यात जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी तयारीचे वर्ग असतात, मुलगी आधी तिथे जाईल.

चिंचवडची_मृण्मयी:
किती छान सांगितलंत ताई! मराठी आकडे येतात तिला, आजीची कृपा. घड्याळाचं मात्र डोकं चालेना. ‘हाल्ब ड्राय’ म्हणजे अर्धा आणि तीन, म्हणजे साडेतीनच ना?

लुडविग्सबुर्गची_सांगलीकर:
नाही गं, अडीच! तिसरा तास अर्धा झाला, असा हिशेब. आणि आमच्या श्वाबेनात (स्टुटगार्टच्या आसपासचा हा प्रदेश) पुढची गंमत: ‘फीअर्टल ड्राय’ म्हणजे सव्वादोन, ‘ड्रायफीअर्टल ड्राय’ म्हणजे पावणेतीन. मुलीला ‘पावणे’ येत असेल तर निम्मं काम झालं. डॉक्टरकडची वेळ फोनवर कुणी अशी सांगितली तर लाजायचं नाही, चोवीस तासांच्या घड्याळात उलट विचारून घ्यायचं: ‘फीअरत्सेन उअर फ्युन्फत्सेन?’ (चौदा वाजून पंधरा?) ते ‘या’ (म्हणजे हो) म्हणाले की सव्वादोन पक्के.