सागवानी पेटीवर मेण लावलं, छिद्रांत पांढरं दिसतंय – मदत हवी आहे

सागवानी पेटी, १२ बाय ८ इंच. ८०, १२० आणि मग थेट ३२० नंबरचा पॉलिश पेपर मारला (आकडा मोठा तसा पेपर बारीक). मधमाशांचं मेण १ भाग, टर्पेंटाइन २ भाग असं घरीच वितळवून दोन हात दिले. आता छिद्रांत पांढरं दिसतंय, बोटाचा ठसा उमटतो आणि तिरक्या उजेडात झाकणावर आडव्या रेघा दिसतात. वरून तिसरा हात दिला तर झाकलं जाईल का?

रंधा: नाही, उलट आणखी चिकट होईल. रेघा १२० च्या आहेत. ३२० चा पेपर इतक्या खोल रेघेच्या तळापर्यंत पोचतच नाही, वरवर गुळगुळीत करतो, आणि मेण लागलं की रेघ उठून दिसते. टर्पेंटाइनचं सुती फडकं आणि जुना टूथब्रश घेऊन आधी सगळं मेण उतरवा. ते राहिलं तर पेपर दोन मिनिटांत चोंदतो. रात्रभर वाळू द्या. मग १२०, १८०, २४०, ३२०, ठोकळ्याला गुंडाळून, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. २४० नंतर ओलसर फडकं फिरवा. तंतू उभे राहतील, वाळल्यावर ३२० ने हलक्या हाताने कापा. टोकाच्या आडव्या कापावर ४०० पर्यंत जा, नाहीतर तो भाग जास्त मेण पितो आणि काळपट दिसतो.

भुस्सा: पांढरं म्हणजे छिद्रांत वाळलेलं मेण. सागाची छिद्रं मोठी, त्यात तुमचं मिश्रण घट्ट. वजनाने १ भाग मेणाला ४ भाग टर्पेंटाइन धरा. मेण गरम पाण्याच्या भांड्यात वितळवा आणि आच बंद करूनच टर्पेंटाइन घाला, त्याची वाफ पेट घेते. मेणाआधी चपड्याचे (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे) दोन पातळ हात द्या, १०० मिली स्पिरिटला १२ ग्रॅम पुरे.

प्रश्नकर्ता: चपडा टाळला तर? लाकूड उघडंच बरं वाटतं.

भुस्सा: चालेल, पण मग तपकिरी रंगाचं मेण घ्या. अगदी थोडं, फडक्याने चोळून. १५-२० मिनिटांनी कोरड्या फडक्याने घासा, नंतर बुटाच्या ब्रशने. फडकं अडखळलं तर मेण जास्त झालंय.

रंधा: आणि झाकणावर गरम कप ठेवू नका. हे मेण ६२ ते ६५ अंशाला वितळतं, चपडाही उष्णतेला कच्चाच. टर्पेंटाइनची फडकी गोळा करून टाकू नका, पसरून वाळवा.