‘माइंडहंटर’च्या पहिल्या भागात खुनी आहे कुठे?

रातपाळी यांचा प्रश्न :

दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांचे नाव आणि सीरियल किलरचा विषय, एवढ्यावर विसंबून मी नेटफ्लिक्सवरील ‘माइंडहंटर’ या मालिकेचा पहिला भाग पाहिला आणि आता दुसरा लावावा की नाही, या विचारात पडलो आहे. सुरुवात जबरदस्त आहे. १९७७ साल, पेनसिल्व्हेनियातले ब्रॅडक, रात्रीची वेळ, बंदुकीच्या धाकाने लोकांना ओलीस धरलेला एक विवस्त्र माणूस आणि त्याच्याशी बोलणी करायला आलेला होल्डन फोर्ड हा एफबीआयचा तरुण अधिकारी. परंतु तो माणूस स्वतःवरच गोळी झाडून घेतो आणि तिथून पुढे वर्गातली व्याख्याने, बारमधल्या गप्पा आणि गाडीतला प्रवास यांतच भाग संपतो. संशयित नाही, पाठलाग नाही, शेवटी ‘पुढे काय?’ असे वाटायला लावणारा प्रसंगही नाही. ज्यांनी पूर्ण मालिका पाहिली आहे त्यांनी कृपया रहस्यभेद न करता सांगावे : हा भाग मुद्दाम असा रचला आहे, की सगळी मालिकाच अशी संथ आहे?

सातारकर :

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत; मात्र पहिलीचे कारण लक्षात आले की दुसरीचा त्रास होत नाही, असा माझा अनुभव आहे.

ब्रॅडकच्या प्रसंगात फोर्ड नियमाप्रमाणे सारे काही बरोबर करतो. पोलिसांना मागे हटवतो, आवाज चढू देत नाही, त्या माणसाच्या बायकोलाही तिथे आणले जाते. ओलिसांपैकी कोणाच्या केसालाही धक्का लागत नाही, म्हणून वरिष्ठांच्या लेखी ही कामगिरी यशस्वीच ठरते. त्या माणसाच्या मनात काय चालले होते, हा प्रश्न फोर्डखेरीज कोणालाही पडत नाही आणि कार्यालयाच्या दृष्टीने तो पडण्याचे कारणही नाही. एफबीआयच्या क्वांटिको येथील प्रशिक्षण अकादमीत पूर्णवेळ शिकवण्यासाठी पाठवला गेलेला फोर्ड हाच प्रश्न बरोबर घेऊन जातो, आणि उरलेला सगळा भाग त्या एका प्रश्नामागे चालत राहतो.

तुम्हाला रटाळ वाटलेले व्याख्यान पुन्हा एकदा ऐकावे, असे मी सुचवेन. विषय आहे न्यूयॉर्कमधील ‘सन ऑफ सॅम’, म्हणजे डेव्हिड बर्कोविट्झ, जो १९७७ च्या ऑगस्टमध्ये पकडला गेला आणि ज्याने शेजाऱ्याचा कुत्रा आपल्याला खून करायला सांगत होता असे सांगितले. तोवर तपासाची पद्धत ठरलेली होती : पैसा, मत्सर, सूड यांपैकी काहीतरी कारण असणार, तेव्हा मृताच्या ओळखीपाळखीतून माग काढत गेले की माणूस सापडतो. मारणारा आणि मरणारा यांची एकमेकांशी ओळखच नसेल तर धागा पकडायचा कुठून? याचे उत्तर व्याख्यात्याजवळ नाही, फोर्डजवळ नाही आणि पडद्यावर दुसऱ्या कोणाजवळही नाही.

मग बिल टेंच या एफबीआयमधल्या अनुभवी सहकाऱ्याबरोबर फोर्ड आयोवातल्या फेअरफिल्डला स्थानिक पोलिसांना शिकवायला जातो. अनुयायांकरवी खून घडवून आणणाऱ्या चार्ल्स मॅन्सनच्या बालपणाबद्दल आणि तुरुंगात गेलेल्या वर्षांबद्दल फोर्ड बोलू लागताच समोरचे पोलीस भडकतात, कारण त्यांना ती खुन्याची वकिली वाटते. नंतर तिथलाच एक डिटेक्टिव्ह एका आईच्या आणि तिच्या लहान मुलाच्या खुनाची छायाचित्रे या दोघांपुढे ठेवतो आणि मदत मागतो. एवढ्या दुरून शहाणपण शिकवायला आलेल्या दोघांना त्या छायाचित्रांबद्दल सांगण्यासारखे काहीच सुचत नाही. माझ्या मते भागाचा खरा कळस तोच आहे. खुनी दाखवला असता तर प्रेक्षकाला या दोघांपेक्षा जास्त कळले असते आणि त्यांच्या अज्ञानाची धग त्याला जाणवलीच नसती.

जाता जाता सुरुवातीच्या श्रेयनामावलीबद्दल. टेपरेकॉर्डर काढणे, वायर जोडणे, टेप चढवणे हे सगळे अत्यंत निगुतीने दाखवले आहे आणि मधूनच मृतदेहांची चित्रे इतक्या झटकन येऊन जातात की आपण खरेच काही पाहिले का, अशी शंका यावी. तो टेपरेकॉर्डर पहिल्या भागात कामाला येत नाही. दुसऱ्या भागात फोर्ड तुरुंगात एडमंड केम्पर या सीरियल किलरसमोर जाऊन बसतो (हा रहस्यभेद नव्हे, केम्पर ही खरी व्यक्ती आहे), आणि ती भूमिका करणाऱ्या कॅमेरॉन ब्रिटन यांना एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्काराचे नामांकन मिळाले होते. तेवढा भाग पाहून मगच निर्णय घ्यावा. पाठलाग हवा असेल तर मात्र पुढेही फारसे काही हाती लागणार नाही.

निवांत :

एखादी गोष्ट मुद्दाम केली म्हणून ती चांगली झाली, असे होत नाही. डेबी या समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीबरोबरचे प्रसंग मला अत्यंत कृत्रिम वाटले. ती दुर्खाइम या समाजशास्त्रज्ञाचा सिद्धांत परीक्षेत उत्तर लिहावे तसा मांडते आणि फोर्ड बिचारा शाळकरी मुलासारखा ऐकत राहतो. लेखकाला प्रेक्षकांपर्यंत जे पोहोचवायचे आहे ते प्रेमात पडू पाहणाऱ्या दोघांच्या तोंडी घातले की ना प्रेम खरे वाटते, ना सिद्धांत. शिवाय वेळ गुंतवण्यापूर्वी हेही लक्षात घ्यावे की २०१७ चे १० आणि २०१९ चे ९ भाग झाल्यावर मालिका थांबली, तिसरा हंगाम आला नाही आणि काही धागे तसेच लोंबकळत राहिले आहेत.

जुना दादरकर :

हा भाग पाहताना मला राहून राहून मुंबईतला रामन राघव आठवत होता. १९६८ मध्ये उपनगरांतल्या पदपथांवर आणि झोपड्यांमध्ये झोपलेल्या गोरगरिबांचे डोक्यात घाव घालून खून होत होते, आणि चोरी किंवा वैर अशा कोणत्याही नेहमीच्या कारणात ते बसत नव्हते. गुन्हे शाखेच्या रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तपास झाला आणि ऑगस्टमध्ये तो पकडला गेला. त्याचे मन मानसोपचारतज्ज्ञांनी तपासले खरे, पण ते न्यायालयाच्या गरजेपोटी : या माणसाला फाशी देता येईल का, एवढे ठरवण्यासाठी. फाशीची शिक्षा झाली होती, ती त्याच्या असाध्य मनोविकारामुळे १९८७ मध्ये जन्मठेपेत बदलली आणि १९९५ मध्ये तो वारला.

फोर्डचा आग्रह इथेच वेगळा पडतो. पकडलेल्या माणसाचे काय करायचे, हा त्याचा प्रश्न नाही. त्याच्याकडून जे समजेल ते अजून न पकडल्या गेलेल्या माणसाच्या तपासात कसे वापरायचे, हा आहे. पहिल्या भागात हा विचार त्याला स्वतःलाही धडपणे मांडता येत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यांचा विश्वास बसत नाही. फोर्डची भूमिका करणाऱ्या जोनाथन ग्रॉफ यांनी ती अडखळ फार छान दाखवली आहे.

रातपाळी :

सर्वांचे आभार. सातारकर, वरिष्ठांच्या समाधानाचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला नव्हता, पण त्याचा फेअरफिल्डशी असा संबंध मी लावला नव्हता. दुसरा भाग येत्या शनिवारी पाहीन. डेबीच्या बाबतीत मात्र मी निवांत यांच्या बाजूचा आहे, आणि केम्पर आल्यावर तिचे प्रसंग कमी होत असतील तर तेवढे आधीच कोणी सांगून ठेवले तरी चालेल; तो रहस्यभेद मी धरणार नाही.