मदत हवी आहे: 18 पूर्ण झाल्यावर राहायचं कुठे?

मी एका बालगृहात रविवारी गणित शिकवतो. तिथला एक मुलगा पुढच्या महिन्यात 18 पूर्ण करतोय, म्हणजे बाहेर. पुण्यातल्या औंध आयटीआयला फिटर, दुसरं वर्ष. बालगृह सोडताना बाल न्याय कायद्याच्या कलम 46 नुसार आर्थिक मदत, आणि नियमांनुसार 21 वर्षांपर्यंत पुढची देखभाल मिळू शकते. अर्ज दिलाय, पोच आहे, उत्तर नाही. कॉट बेसिसवाले (खोलीतली एक खाट भाड्याने देणारे) पालकांचं आधार मागतात. याच्या आधारवर पत्ता बालगृहाचाच. डिपॉझिट मी भरेन. स्वयंपाक येतो, पोळ्या माझ्यापेक्षा गोल. 'आयटीआय सोडून नोकरी धर' हा सल्ला कृपया नको.

औंध-खडकीकडे अशा मुलांसाठी अनुरक्षण गृह (बालगृहातून 18 नंतर बाहेर पडणाऱ्यांसाठीचं वसतिगृह) किंवा गटाने राहायचा फ्लॅट कुणाला माहीत आहे का? आणि तिथे राहण्यासाठी बाल कल्याण समितीचा आदेश 18 व्या वाढदिवसाआधीच घ्यावा लागतो का?