प्रेमजींना आयतं मिळालं ते काय?

'अझीम प्रेमजींना वडिलांचा धंदा आयता मिळाला, मग दान करायला काय जातं' हे काही जणांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. 1966 साली वडील अचानक गेले आणि एकविसाव्या वर्षी त्यांना स्टॅनफर्ड अर्धवट सोडून यावं लागलं. हाती आली ती आपल्या अमळनेरची वनस्पती तुपाची कंपनी, तीच पुढे विप्रो झाली! संगणकाचा तिथे काडीचाही संबंध नव्हता. सत्तरच्या दशकाअखेर आयबीएम या अमेरिकन संगणक कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला, तेव्हा ती संधी हेरून त्यांनी विप्रोला संगणकाकडे वळवलं. अमळनेरात ज्यांनी तेव्हाचे शेअर न विकता जपले, त्यांचं भलं कसं झालं ते जळगावकडच्या कुणालाही विचारा.

आता दान. 2019 पर्यंत त्यांनी विप्रोच्या एकूण मालकीपैकी 67 टक्क्यांचा आर्थिक लाभ आपल्या अझीम प्रेमजी फाउंडेशनला देऊन टाकला. फाउंडेशनचं काम मुख्यतः सरकारी शाळांतलं, शिक्षकांसोबतचं, तेही यादगीर, उत्तरकाशी, सिरोहीसारख्या आडबाजूच्या जिल्ह्यांत. कर्नाटकात सरकारी शाळांतल्या मुलांना आठवड्यातून दोनदा अंडं मिळायचं. 2024 मध्ये ते सहा दिवस झालं, वाढीव चार दिवसांचा खर्च फाउंडेशनचा, तीन वर्षांसाठी सुमारे दीड हजार कोटी. वारसा अनेकांना मिळतो हो, पण तो असा वापरणारे किती?