उत्तर: रत्नागिरीजवळच्या नव्या घराचं दर्शनी रूप

जांभ्याच्या भिंतींना बाहेरून प्लास्टर, पायऱ्यांना पॉलिश ग्रॅनाइट आणि अंगणभर पेव्हर ब्लॉक, असा बेत तुम्ही लिहिलाय. प्लास्टरचं तेवढं पुन्हा बघा. जांभ्याचा चिरा उघडा ठेवून नुसती दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरून घेतलीत तरी घर देखणं दिसतं. फक्त छपराची वळचण अडीच-तीन फूट बाहेर काढा. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो सरळ कमी, तिरपाच जास्त.

ग्रॅनाइटला मात्र माझा ठाम विरोध. आमच्या पायरीवर हौसेने काळा चकचकीत बसवला. पहिल्याच जुलैत आत्या दुधाच्या पिशव्या घेऊन घसरली, मनगट मोडलं. आता त्यावर गोणपाट टाकलेलं असतं, म्हणजे शोभाही गेली आणि पैसेही! खरखरीत कडप्पा किंवा छिन्नीने टाकी मारून खडबडीत केलेला दगड घ्या. पायरी सहा इंचांहून उंच नको आणि वर पडवीत टेकायला एक कट्टा हवाच. चपला, छत्र्या, पोस्टमन, शेजारी, सगळं तिथेच थांबतं.

पेव्हर गाडीपुरते ठेवा, बाकी मातीच राहू दे, उतार घरापासून बाहेरच्या बाजूला. पागोळ्या पडतात तिथे जोत्यालगत हातभर रुंद खडीचा पट्टा करा. भिंतीवर चिखल उडत नाही.

झाडांत पारिजातक, अनंत, कुंपणाला जास्वंद. माड लावाल, पण गाडी उभी करता तिथून लांब. नारळ पडताना विचारत नाही.