शब्दचर्चा: भडक, बटबटीत, भपकेबाज… आणि तोतया

प्रश्न: गाड्यांच्या गप्पांत ‘टॅकी’ला (इंग्रजी tacky, सवंग सजावटीचं) मराठीत काय म्हणावं? ‘भडक’ म्हटलं तर मित्र म्हणाला, गाडी काळी आहे, भडक कुठून? छोटी हॅचबॅक आहे; मागे भलामोठा स्पॉयलर (पंखासारखी पट्टी), बॉनेटवर चिकटवलेला स्कूप (हवा आत घेण्याच्या तोंडाचा उंचवटा). हल्ली सगळे ‘छपरी’ म्हणतात, ते चालेल का?

उत्तर: मित्राचं बरोबर आहे. भडक हा रंगाचा, उजेडाचा शब्द. तो स्पॉयलर बटबटीत. डोळे बटबटीत म्हणतो तेव्हा रंग मनात नसतो, ते चेहऱ्याला न मानवणारे वाटतात. इथेही प्रमाण बिघडलंय. भपकेबाज वेगळं, त्यात मालकाचा हेतू येतो. अंगावर एकही बटबटीत वस्तू नसलेली गाडीसुद्धा भपकेबाज असू शकते.

स्कूपला मात्र यातला एकही शब्द पुरत नाही. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्सच्या बॉनेटवर स्कूप असतो, कारण खाली इंजिनावर इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग) बसवलेला असतो आणि त्याला गार हवा लागते. या गाडीच्या स्कूपखाली अखंड पत्रा आहे. त्याला मी तोतया म्हणेन. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून उभा राहिला तो तोतया. हाही कामाच्या भागाचं नाव आणि वेष घेऊन बसलाय. माझ्या मते खरी हिणकस गोष्ट हीच. निव्वळ शोभेचं असण्यात काही वाईट नाही. ट्रकच्या फाळक्यावरचा मोर आपण इंजिन गार करतो असा दावा करत नाही!

‘छपरी’ कृपया नको. छप्परबंद हे नाव महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. शब्द तिथूनच आला की नाही यावर वाद घालता येईल, पण छपराखाली राहणाऱ्याला हिणवण्याचा वास त्याला येतोच. आवड कुणाचीही फसू शकते, त्यात गरिबी कशाला ओढायची?

प्रश्नकर्ता: मग बुलबार, म्हणजे बंपरपुढे लावतात तो लोखंडी बार? तो तर कामाचा समजतात.

उत्तर: समजतात, हीच अडचण. धडकेत गाडीचा पुढचा भाग चुरगळून जोर शोषून घेतो. लोखंडी बार तो जोर थेट चासीकडे (गाडीच्या सांगाड्याकडे) नेऊ शकतो, एअरबॅग उघडण्याच्या वेळेत घोळ करू शकतो आणि पादचाऱ्याला जबर मार देतो. केंद्राने डिसेंबर 2017मध्ये राज्यांना याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं ते याच कारणांनी. त्याला तोतया म्हणणंसुद्धा सौम्य होईल. ‘घातक’ म्हणा.

आणखी एक उत्तर: अलॉय व्हील (मिश्रधातूची चाकं) कामाच्या आणि दिखाव्याच्या, दोन्ही गटांत बसतात. हलकी असतील तर सस्पेन्शनवरचा भार कमी होतो, म्हणजे कामाची. पण फक्त रिम मोठी दिसावी म्हणून टायर पातळ केला, तर आपल्या खड्ड्यांत आधी रिमच वाकते. तिला आमच्याकडे गॅरेजवाले सरळ ‘दिखाऊ’ म्हणतात, आणि मला तो शब्द पटतो.